सरकारी सल्लागारांच्या मुलाखती कशा मिळवायच्या, तेही एकापेक्षा जास्त देशांत

एका देशात १४ मुलाखती झाल्या आणि दुसऱ्या देशात ३. माझा पहिला तुलनात्मक प्रोजेक्ट असा संपला, आणि पेपर लिहायला बसल्यावर लक्षात आलं की आपण दोन देशांची तुलना करतच नाहीयोत, एकाबद्दल सविस्तर आणि दुसऱ्याबद्दल ऐकीव असं काहीतरी लिहितोय. रिव्ह्यूअरनेही नेमकं तेच पकडलं. तेव्हापासून ठरवून टाकलंय, मुलाखतींचं प्लॅनिंग करायला बसलं की सगळ्यात अवघड देश आधी घ्यायचा, तिथे कुठल्या पदावरची किती माणसं खरोखर बोलू शकतील ते बघायचं आणि बाकीच्या देशांचा आकडा त्यावरून ठरवायचा. सोपा देश आधी घेतला की भराभर होकार येतात, आपण खूश होतो, आणि मग अवघड देशापाशी येऊन गाडी अडकते ती अडकतेच.

पण त्याच्याही आधी एक काम आहे जे बहुतेक जण उडवतात. सल्लागार म्हणजे नक्की कोण? हा शब्द प्रत्येक देशात वेगळ्या माणसाला चिकटवलेला आहे. ब्रिटनमध्ये स्पेशल अ‍ॅडव्हायझर म्हणजे मंत्र्याने स्वतः निवडलेला माणूस, कागदोपत्री तो तात्पुरता सरकारी नोकर, आणि २०१० च्या कायद्यानुसार मंत्री पदावरून गेला की याचीही नोकरी आपोआप संपते. ऑस्ट्रेलियात हीच जात १९८४ च्या एका वेगळ्या कायद्याखाली नेमली जाते आणि ती सरकारी नोकर धरतच नाहीत. कॅनडात त्यांना एक्झेम्प्ट स्टाफ म्हणतात. फ्रान्समध्ये तर शब्दच फसवा आहे, तिथे 'कॅबिने' म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे, एका मंत्र्याभोवतीची खासगी टीम, आणि त्यात बरेचसे लोक मुळात प्रशासनातूनच आलेले असतात. म्हणजे तुम्ही 'राजकीय सल्लागार विरुद्ध अधिकारी' अशी चौकट घेऊन पॅरिसला गेलात तर समोरचा माणूस एकाच वेळी दोन्हीकडे बसेल.

आर्थिक सल्लागारांचं तर विचारूच नका. अमेरिकेतली आर्थिक सल्लागार परिषद १९४६ च्या कायद्याने आली, ३ सदस्य, थेट राष्ट्राध्यक्षांच्या यंत्रणेत. जर्मनीतली तज्ज्ञ परिषद १९६३ च्या कायद्याची, ५ सदस्य, सरकारपासून स्वतंत्र, उघडपणे सरकारवर टीका करू शकते. भारताचा मुख्य आर्थिक सल्लागार अर्थ मंत्रालयात बसतो. तिघांनाही तुम्ही 'इकॉनॉमिक अ‍ॅडव्हायझर' या एका कॉलममध्ये टाकलंत तर मुलाखती छान होतील आणि तुलना मात्र आंबा, चिंच आणि नारळाची होईल. त्यामुळे यादी पदनामावरून नाही तर कामावरून करा. मी स्प्रेडशीटमध्ये ४ प्रश्न टाकते: याला नेमलं कोणी, हा काढला कधी जाऊ शकतो, फाइल मंत्र्याकडे जाण्याआधी याच्या हाताखालून जाते का, आणि हा उघडपणे सरकारविरुद्ध बोलू शकतो का. या चारांची उत्तरं जुळली की ती माणसं एका ओळीत, मग कार्डावर काही का लिहिलेलं असेना.

नावं शोधणं वाटतं तेवढं अवघड नाहीये. ब्रिटन सरकार स्पेशल अ‍ॅडव्हायझरची नावं आणि खर्च दरवर्षी जाहीर करतं. फ्रान्समध्ये कॅबिनेतल्या नेमणुका सरकारी गॅझेटमध्ये, म्हणजे जर्नाल ऑफिसिएलमध्ये छापून येतात. २०१७ मध्ये एका मंत्र्यामागे १० जणांची मर्यादा घातली होती, २०२० मध्ये ती १५ केली, त्यामुळे एका खात्यातून जास्तीत जास्त किती नावं निघतील याचा अंदाज घरबसल्या येतो. युरोपियन युनियनची 'हू इज हू' नावाची अधिकृत डिरेक्टरी आहे. अमेरिकेत २०२४ पर्यंत अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर प्लम बुक निघायचं, त्यात राजकीय नेमणुकांची पदं सापडतात. जिथे असं काही नाही तिथे संसदीय समित्यांचे अहवाल चाळा, साक्ष द्यायला कोण आलं होतं, कोण सोबत होतं. फक्त लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी मंत्र्यांचा स्टाफ समितीसमोर येत नाही असा संकेत आहे (२००२ मध्ये त्यावरून सिनेटमध्ये बराच गदारोळही झाला होता), म्हणजे त्या कागदात नाव नाही याचा अर्थ माणूस महत्त्वाचा नाही असा काढू नका, उलटही असू शकतं.

आता खरी मेख. पदावर असलेला माणूस बोलत नाही आणि पदावरून गेलेला माणूस विसरतो. मधली खिडकी पकडायची असते. माझ्या अनुभवात नोकरी सोडून साधारण सहा महिने ते दोन-अडीच वर्षं झालेला माणूस सगळ्यात चांगला, राग बऱ्यापैकी शांत झालेला असतो, तपशील अजून आठवतात, आणि कोणीतरी आपल्या कामाबद्दल गंभीरपणे विचारतंय याचं त्याला बरं वाटतं. पण तुलनेसाठी एक पथ्य पाळावं लागतं, एका देशात सगळे माजी आणि दुसऱ्यात सगळे आजी असं होऊ द्यायचं नाही, कारण माजी माणूस मोकळा बोलतो आणि आजी माणूस प्रेस नोट वाचून दाखवतो, आणि मग तुम्ही त्या फरकाला 'राजकीय संस्कृतीतला फरक' असं भारी नाव देऊन मोकळे होता. मी हे स्वतः एका कॉन्फरन्समध्ये केलंय. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या त्या देशातले किती जण अजून नोकरीत आहेत? संपलं तिथेच.

माजी लोकांवर काय बंधनं आहेत तेही आधी बघून ठेवा. कॅनडात मंत्र्यांच्या स्टाफला पद सोडल्यावर ५ वर्षं लॉबिंग, म्हणजे कोणाच्या तरी वतीने सरकारकडे वजन टाकायचं काम, करता येत नाही. रिसर्चसाठी बोलणं म्हणजे लॉबिंग नाही हे उघड आहे, पण माणूस घाबरलेला असतो, त्यामुळे ईमेलमध्येच एका ओळीत लिहून टाका की कुठल्याही चालू निर्णयाबद्दल मी विचारणार नाही. ब्रिटन, भारत अशा ठिकाणी गोपनीयतेचा कायदा पद सोडल्यावरही मानेवर बसलेला असतो, तेव्हा 'मंत्र्यांना तुम्ही काय सल्ला दिलात' हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. 'सल्ला कुठल्या रस्त्याने पोचायचा' असं विचारा. सल्ल्याची गोष्ट तो पुष्कळदा स्वतःहूनच सांगतो.

एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या समितीची, मंजुरी पहिला ईमेल पाठवायच्या आधी पाहिजे, नंतर नाही. लोकांशी संपर्क करणं हाच बऱ्याच युनिव्हर्सिटींच्या नियमात रिसर्चचा भाग धरला जातो. युरोपातल्या माणसांची माहिती ठेवणार असाल तर २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, आहेच, माणसाची राजकीय मतं ही त्यात खास संवेदनशील माहिती धरतात आणि सल्लागाराच्या मुलाखतीत तीच तर असतात. डेटा कुठल्या सर्व्हरवर राहील, कधी पुसणार हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

ईमेल. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळं बिघडतं. नवीन पीएचडीवाल्या मुलांचे ड्राफ्ट माझ्याकडे येतात, ते साधारण असे असतात: मी अमुक विद्यापीठात संशोधक आहे, माझ्या संशोधनाचा विषय धोरणनिर्मितीतील सल्लागारांच्या भूमिकेचे तुलनात्मक विश्लेषण असा आहे, यात मी अमक्या सिद्धांताचा आधार घेत आहे, आपण या क्षेत्रातील तज्ज्ञ असल्याने आपले मौल्यवान विचार… इथे वाचणाऱ्याने ईमेल बंद केलेला असतो. यात त्याच्याबद्दल एकही गोष्ट नाही, हा ईमेल चाळीस जणांना गेलाय हे त्याला पहिल्या ओळीत कळतं.

माझा हल्लीचा ईमेल असा असतो, खातं आणि तारखा बदलून देतेय:

'नमस्कार. २०१९ ते २०२२ मध्ये तुम्ही गृहनिर्माण मंत्र्यांच्या ऑफिसात होतात, त्याच काळात भाडेकायद्याचा मसुदा दोनदा बदलला. मंत्र्यांचे सल्लागार आणि खात्यातले अधिकारी कामाची वाटणी कशी करतात याचा मी तीन देशांत अभ्यास करतेय. मला मसुदा कुठल्या टप्प्यांतून जायचा एवढं समजून घ्यायचंय, कोणी काय सल्ला दिला ते नाही. ३० मिनिटं, फोनवर किंवा व्हिडिओवर. नाव येणार नाही आणि तुमचं वाक्य वापरायच्या आधी तुम्हाला दाखवीन. १२ ते २३ तारखेत कुठलाही दिवस मला चालेल, संध्याकाळी उशिरासुद्धा.'

बस. एवढंच. सोबत एक पानाची माहिती आणि कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) जोडायचा, पण ईमेलमध्ये त्याचं वर्णन करत बसायचं नाही. विषयाच्या ओळीत 'मुलाखतीची विनंती' असं लिहिण्यापेक्षा त्याच्या कामाचं नाव लिहा. 'तीन देशांत' हे शब्द मुद्दाम घालते, कारण दुसऱ्या देशातले आपल्यासारखे लोक काय करतात याची या मंडळींना फार उत्सुकता असते, ते तुमचं आमिष आहे (वाईट अर्थाने नाही). पुष्कळदा मुलाखतीच्या शेवटी तेच मला प्रश्न विचारायला लागतात. तिथे जिभेवर ताबा ठेवायचा हं, दुसऱ्या देशातल्या कोणी काय सांगितलं हे चुकूनही फोडायचं नाही.

संबोधनाचं भान ठेवा. जर्मनीत डॉक्टर, प्रोफेसर या पदव्या गाळल्या तर लोकांना ते जाणवतं. ऑस्ट्रेलियात फार औपचारिक लिहिलंत तर कंपनीच्या वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण, त्याच धाग्यात, दोन ओळींची. तिसऱ्यांदा लिहायचं असेल तर काहीतरी नवीन पाहिजे, म्हणजे ओळखीच्या माणसाचं नाव किंवा दुसरी तारीख. चौथा ईमेल नाही. आणि मंत्र्याच्या ऑफिसात पीए किंवा डायरी सांभाळणारी व्यक्ती असते तिला कमी लेखू नका, तिच्याशी नीट बोललात तर ती सांगते की गुरुवारी नको, बुधवारी साडेचारला फोन करा, तेव्हा ते गाडीत असतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. सरकारी पत्त्यावर पाठवलेला ईमेल हा सरकारी कागद होऊ शकतो. स्वीडनमध्ये कागदपत्रं खुली ठेवायचा नियम १७६६ पासूनचा आहे, सरकारी कार्यालयात आलेलं पत्र कोणीही मागू शकतो, अपवाद वगळता. अमेरिकेत १९६६ चा, भारतात २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा, ब्रिटनमध्येही २००५ पासून लागू आहे. म्हणून सरकारी पत्त्यावर फक्त विनंती आणि तारीख. 'तुम्ही त्या राजीनाम्याबद्दल बोलाल का' वगैरे तिथे लिहून त्या माणसाला अडचणीत आणू नका.

कधी विचारायचं याला कॅलेंडर लागतं. प्रत्येक देशासाठी एक पट्टी काढा आणि त्यावर बजेट, निवडणूक, संसदेची सुट्टी लाल करा. भारतात २०१७ पासून बजेट १ फेब्रुवारीला येतं, म्हणजे अर्थ खात्यातल्या कोणाला जानेवारीत गाठायचा विचारसुद्धा करू नका. ऑस्ट्रेलियात ते बहुतेक वेळा मे महिन्यात. फ्रान्समध्ये ऑगस्टला कोणी सापडत नाही. निवडणूक जाहीर झाली की ब्रिटनमध्ये निवडणूकपूर्व बंधनं लागतात, ऑस्ट्रेलियात काळजीवाहू सरकारचे संकेत, भारतात आचारसंहिता, अशा वेळी अधिकारी तोंड उघडत नाहीत. पण निवडणुकीनंतरचे दोन-तीन महिने म्हणजे सोन्याची खाण, कारण हरलेल्या बाजूचे सगळे सल्लागार एकदम मोकळे झालेले असतात, नवी नोकरी अजून लागायची असते. प्रोजेक्टच्या काळात एखाद्या देशात निवडणूक येत असेल तर त्या देशाचा दौरा तिच्यामागे सरकवा, आधी नाही.

वेळेवरून आठवलं. मार्चमध्ये माझी एक व्हिडिओ मुलाखत होती वॉशिंग्टनमधल्या एका माजी सल्लागाराबरोबर, मी तेव्हा युरोपात होते. नेहमीचा फरक धरून बसले आणि लॉगिन केलं तर स्क्रीनवर मेसेज, 'मी ४० मिनिटं वाट बघितली, सॉरी.' अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि युरोपात शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे फरक एका तासाने बदललेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटीही एक आठवडा असाच जातो. दक्षिण गोलार्धात तर सगळं उलटं. त्या माणसाने परत वेळ दिली नाही. आता मी कॅलेंडरचं इन्व्हाइट समोरच्याच्या टाइमझोनमध्ये पाठवते आणि ईमेलमध्ये 'तुमच्या घड्याळाने सकाळी ९' असं शब्दांत लिहिते.

गुप्ततेबद्दल बोलणं पहिल्या पाच मिनिटांत व्हायला पाहिजे, आणि शब्द वापरून सोडून द्यायचे नाहीत. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे एकाला वाटतं नाव न देता वापरा, दुसऱ्याला वाटतं अजिबात वापरू नका. 'चॅटम हाउस रूल' तर सगळेच म्हणतात. १९२७ चा नियम आहे, माहिती वापरा पण कोण बोललं आणि तो कुठला हे सांगू नका असा त्याचा अर्थ, पण निम्म्या लोकांना त्यातला 'कुठला' हा भाग माहीतच नसतो. मी सरळ तीन पर्याय वाचून दाखवते: वाक्य नावाशिवाय वापरलं तर चालेल का, वाक्य न वापरता फक्त मुद्दा वापरला तर चालेल का, की फक्त माझ्या समजुतीसाठी. उत्तर तिथल्या तिथे स्प्रेडशीटमध्ये. सगळ्या देशांत हेच तीन पर्याय ठेवा, नाहीतर एका देशातून वाक्यं आणि दुसऱ्यातून नुसता सारांश अशी पंचाईत होते. आणि 'कोणालाही कधीही कळणार नाही' असं वचन द्यायचं नाही. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षावर घेतलेल्या गोपनीय मुलाखती २०११ मध्ये कोर्टाच्या समन्सने मागवल्या गेल्या, तो विषय वेगळा होता, पण 'कायद्याच्या मर्यादेत' हे शब्द कन्सेंट फॉर्ममध्ये का असतात ते त्यावरून कळतं.

नाव काढलं की माणूस लपला असंही नसतं. छोट्या देशात पंतप्रधानांच्या ऑफिसात हवामान बदलाचा सल्लागार एकच असतो, तुम्ही 'एक वरिष्ठ सल्लागार, हवामान' लिहिलंत की तिथल्या चार जणांना नाव पाठ. म्हणून मी मुलाखत संपताना विचारते, तुमचं वर्णन कसं करू? एकाने तर बराच विचार करून सांगितलं, 'मध्यवर्ती ऑफिसातला माजी कर्मचारी, एवढंच लिहा, काळ पण नको.' मग तेवढंच लिहिलं, आणि बाकीच्या देशातल्या लोकांची वर्णनंही तेवढीच धूसर केली, नाहीतर एक देश स्पष्ट आणि एक अंधुक दिसतो.

प्रश्नांचं थोडक्यात. सगळीकडे तेच ५-६ मुख्य प्रश्न, त्याच क्रमाने, आणि एक काल्पनिक प्रसंग: मंत्र्यांना उद्या सकाळी निर्णय जाहीर करायचाय, खात्याची नोट विरोधात आहे, तुमच्या ऑफिसात रात्री काय घडेल? हा प्रसंग तीन देशांत तीन वेगळी उत्तरं काढतो आणि कोणाचं गुपितही फुटत नाही. भाषांतर लागत असेल तर प्रश्न आधी त्या देशातल्या एखाद्या माजी सल्लागारासमोर वाचून बघा, 'पॉलिसी' आणि 'पॉलिटिक्स' यांना पुष्कळ युरोपीय भाषांत एकच शब्द आहे, त्यावरून भलतीच उत्तरं येतात. ३० मिनिटं मागितली असतील तर २७ व्या मिनिटाला स्वतःहून सांगा की वेळ होत आलीय. दहापैकी सात जण बसा म्हणतात.

रेकॉर्डर बंद केल्यावर जे बोलणं होतं ते रेकॉर्डिंगपेक्षा मोलाचं असतं, पण ते वापरायचं तर परत विचारायचं, 'हे आत्ता म्हणालात ते घेऊ का?' बहुतेक जण हसून हो म्हणतात.

शेवटचे दोन प्रश्न कधी चुकवू नका. पहिला, अजून कोणाशी बोलू, आणि मुद्दाम जोडायचं, 'तुमच्याशी ज्याचं पटायचं नाही असं कोणी?' नाहीतर एक माणूस त्याच्याच गटातले पाच मित्र देतो आणि तुमचा अख्खा देश एका गटाच्या डोळ्यांतून दिसतो. दुसरा, तुमचा खासगी ईमेल देता का, वाक्यं दाखवायला लागेल. हा मी सुरुवातीला विचारायचे नाही. आठ महिन्यांनी सगळ्यांना त्यांची वाक्यं मंजुरीसाठी पाठवली, मधल्या काळात एका देशात मंत्रिमंडळ बदललं होतं, आणि एका संध्याकाळी लागोपाठ सहा ईमेल 'हा पत्ता अस्तित्वात नाही' म्हणून परत आले. दाखवल्याशिवाय वापरणार नाही असं कबूल केलेलं, त्यामुळे ती सहाही माणसं पेपरमधून काढावी लागली.